निळ्या दिव्याचं माप कोण घेणार?

तान्ह्या बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. घनसावंगी तालुक्यातल्या कितीतरी घरांनी हे पाहिलेलं आहे, कारण बाळाला जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवावं लागलं की तिथे पहिल्यांदा तोच उजेड दिसतो. त्या उजेडाचं काम अगदी नेमकं असतं. साधारण ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश बाळाच्या कातडीतल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याची रचना बदलतो आणि मग ते शरीराबाहेर टाकलं जाऊ शकतं. पण दिवा जुना होत जातो तसा त्याचा जोर कमी होतो. डोळ्यांना तो निळाच दिसतो, आणि बाळाला मात्र उपचार अर्धवट मिळत असतो. जोर पुरेसा आहे का, हे एका छोट्या मोजयंत्राशिवाय कळत नाही. कावीळ जास्त असेल तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट प्रकाश बाळापर्यंत पोचावा, असं मानलं जातं.

बाळाला किती तास ठेवायचं ते डॉक्टर ठरवतात. त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सांभाळणं, कूस बदलणं, ताप बघणं हे सिस्टर करतात. दिव्यातून येणारा प्रकाश मोजून ‘हा आता बदला’ असं सांगणारं माणूस तिसरंच असतं. त्याला शरीरात बिलिरुबिनचं काय होतं हेही ठाऊक असावं लागतं आणि दिव्याच्या सर्किटमध्ये काय बिघडू शकतं हेही. या कामाच्या विद्येला बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणतात. घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, रांजणी आणि आसपासच्या गावांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी या क्षेत्राकडे कसं बघावं, त्यात शिरायचं तर वाट कुठून आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

या माणसांची गरज किती आहे, ते आधी सांगतो. केंद्र सरकारने देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद करवली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद असल्याचं आढळलं. त्यात विकत आणलेली होती, दान मिळालेली होती, आणि एखाद्या फ्यूजसाठी किंवा सुट्या भागासाठी कोपऱ्यात पडून राहिलेलीही होती. म्हणून २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातून यंत्रांच्या देखभालीचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक यंत्राला ओळख क्रमांक देणं, बिघाड कळवायला टोल-फ्री नंबर ठेवणं आणि यंत्रं चालू राहण्याची हमी घेणं अशी त्याची आखणी आहे. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ यंत्र चालू असलं पाहिजे, असं लक्ष्य त्यात ठरवलेलं आहे. हे आकडे गाठायचे तर कागदावरच्या करारापलीकडे हातात मल्टिमीटर घेतलेली माणसं तालुक्यापर्यंत पोचावी लागतात. जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे. असं महाविद्यालय उभं राहतं तेव्हा त्याच्याबरोबर व्हेंटिलेटर, मॉनिटर, सोनोग्राफी, डायलिसिस, रक्तपेढी अशा विभागांची शेकडो यंत्रं जिल्ह्यात येतात.

आता ही विद्या कशाची बनलेली आहे ते बघू. ती तुमच्या वर्गातच सुरू झालेली आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

कोरोनाच्या दिवसांत बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर गावोगाव पोचलं. आशाताईंच्या पिशवीत ते असायचंच. त्याच्या चिमट्यात दोन बारीक दिवे असतात: एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन याच्या उलट वागतं. दोन्ही दिवे आळीपाळीने झरझर लुकलुकतात, समोरचा सेन्सर किती प्रकाश आरपार आला ते मोजतो. पण बोटात कातडी आहे, मांस आहे, नख आहे, अशुद्ध रक्तही आहे. त्यातून फक्त शुद्ध रक्ताचा हिशेब कसा काढायचा? तर नाडीच्या ठोक्याबरोबर प्रकाशाचा जेवढा भाग कमीजास्त होतो तेवढाच धरायचा, कारण ठोक्याबरोबर फुगते ती धमनी. बाकी सगळं स्थिर असतं, ते वजा होतं. ही कल्पना जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. यात प्रकाश आहे, गुणोत्तर आहे, रक्ताभिसरण आहे. सगळं शालेय पुस्तकांतलंच, फक्त वेगवेगळ्या पुस्तकांत विखुरलेलं.

याच यंत्राची पुढची गोष्टही ऐकून ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. यंत्राचं प्रमाण ठरवताना ज्यांच्या बोटांवर चाचण्या झाल्या, त्यांत गडद कातडीची माणसं पुरेशी नव्हती, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. उन्हातान्हात राबणाऱ्या, रंगाने सावळ्या-काळ्या माणसांच्या आपल्या भागाला ही गोष्ट थेट लागू पडते. यंत्र कोण बनवतं, कुणावर तपासतं आणि कोणत्या हवेत चालवतं, यावर त्याचा खरेपणा ठरतो. म्हणून मराठवाड्यातली मुलं या क्षेत्रात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

ईसीजीचंही तसंच. हृदयाची वीज कातडीपर्यंत पोचते तेव्हा ती जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. भिंतीतल्या तारांत मात्र २३० व्होल्टची वीज असते, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. माणसाचं शरीर ती भुणभुण पकडतं आणि कागदावरची रेघ थरथरायला लागते. डॉक्टरांना हवी असलेली बारीक खूण त्या थरथरीत बुडून जाते. यावर उपाय म्हणून दोन जागांच्या विजेतला फरक तेवढा वाढवून दाखवणारं सर्किट वापरतात, आणि खोलीचं अर्थिंग चांगलं ठेवतात. अर्थिंगबद्दल शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी का ओततात, हे त्याने विहिरीवरच्या मोटारीपाशी पाहिलेलं असतं. तेच ज्ञान ईसीजीच्या खोलीत लागतं. कमी व्होल्टेजने मोटार का जळते, स्टार्टर का ट्रिप होतो, फेज गेला म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याने या क्षेत्राची निम्मी भीती आधीच ओलांडलेली असते.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे तिसरं उदाहरण. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे यंत्र हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून सोडतं, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन मिळतो. दाब सोडला की खडे मोकळे होतात आणि पुन्हा कामाला लागतात. या खड्यांना दमट हवा सोसत नाही, आणि गाळणी धुळीने तुंबली की कंप्रेसर तापतो. कापूस वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे हवेत किती धूळ असते, ते कुठल्याही परदेशी माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. गाळणी किती दिवसांनी धुवायची, हे इथल्याच माणसाने ठरवायला हवं.

दुरुस्तीचं काम हलकं आणि नवं यंत्र बनवण्याचं काम भारी, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही, हे अर्ल बॅकन यांच्या उदाहरणावरून दिसतं. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात १९४९ साली त्यांनी आपल्या मेहुण्यासोबत एका गॅरेजमध्ये दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करून देण्याचा धंदा सुरू केला. दुरुस्तीच्या निमित्ताने ते दवाखान्यांत जात, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभे राहत, सर्जनांशी बोलत. त्या काळी हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चाले, लांब वायर ओढत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि त्या यंत्रांवर अवलंबून असलेल्या रुग्णांचा जीव टांगणीला लागला. सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी बॅकन यांना विचारलं, की यावर काही करता येईल का. बॅकन यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं, म्हणजे संगीताचा ठेका देणाऱ्या यंत्राचं, सर्किट आठवलं. चार आठवड्यांत त्यांनी त्यावरून बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा पेसमेकर बनवला. दुरुस्तीच्या त्या दुकानाचं नाव मेडट्रॉनिक. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय उपकरण कंपन्यांपैकी एक आहे.

वीज जाण्याच्या दुखण्यावर आपल्या पुण्यातही काम झालं आहे. बंद पडत चाललेल्या हृदयाला झटका देणारं डिफिब्रिलेटर हे यंत्र चार्ज करायला वीज लागते. जीवट्रॉनिक्स या कंपनीत आशिष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे यांनी असं डिफिब्रिलेटर तयार केलं, की ते विजेवर चालतंच, आणि वीज नसेल तर हँडल फिरवून, सायकलच्या डायनॅमोसारखं, चार्ज करता येतं. लोडशेडिंग सोसलेल्या कुणालाही ही गरज समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या देशातलं सर्वांत धीराचं काम मात्र त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत झालं. संधिवाताच्या तापाने लहानपणीच हृदयाच्या झडपा खराब होतात आणि परदेशी झडप गरिबाला परवडत नाही, म्हणून डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसले. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं. म्हणजे झडपेला वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडमीट करावी लागते, आणि तीही वर्षानुवर्षं. पहिल्या रचना चाचण्यांत टिकल्या नाहीत. चौथी टिकली. तिच्यातली चकती एका खास, अतिशय चिवट प्लॅस्टिकची आहे. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली आणि तेव्हापासून एक लाखाहून जास्त रुग्णांना ती मिळाली आहे. कोणता धातू, कोणतं प्लॅस्टिक, किती घर्षण, रक्त गोठेल का, असे प्रश्न सोडवणारा इंजिनिअर हाही बायोमेडिकल इंजिनिअरच.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तिथे प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे केंद्र राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने उभं राहिलं. नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी त्यात सोबत आहेत. डॉक्टर अडचण सांगतात, इंजिनिअर नमुना बनवतात आणि तो पुन्हा डॉक्टरांच्या हातात देऊन तपासतात, अशी तिथली रीत. हृदयाचे आवाज मोठे करून मोबाइलवर नोंदवणारा डिजिटल स्टेथोस्कोप तिथून निघालेल्या आयू डिव्हायसेस कंपनीने बाजारात आणला.

परदेशातली आणखी दोन नावं सांगतो, कारण त्यांतून पुढच्या सल्ल्याचा धागा मिळतो. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या सीओईपीत शिकले, पुढे अमेरिकेत संगणकशास्त्रात पीएच.डी. करून एमआयटीत प्राध्यापक झाले. मोबाइलच्या पडद्यावर छोटं भिंग लावून डोळ्यांचा नंबर काढायची ‘नेत्रा’ ही युक्ती त्यांच्या गटाने २०१० मध्ये मांडली. दहावीच्या विज्ञानातला भिंगांचा धडा ज्याने नीट वाचला त्याला तिचं मूळ कळेल. २०१६ मध्ये त्यांना पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. दुसरे समीर मित्रगोत्री. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या यूडीसीटीत, ते रासायनिक अभियांत्रिकी शिकले आणि आज हार्वर्डमध्ये जैवअभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. सुई न टोचता कातडीतून औषध आत कसं पोचवायचं, हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग. त्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून आपल्या जालन्यात आहे. या दोघांपैकी एकाचीही पहिली पदवी बायोमेडिकलची नव्हती.

वाटा आता नीट समजून घ्या.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा ही घनसावंगीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळची आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची वाट आहे. अंबड आणि जालना दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे त्या वर्षी कोणत्या शाखा चालू आहेत ते प्रवेशाच्या यादीत पाहा. राज्यभरात इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल यांपैकी कोणतीही शाखा या क्षेत्राकडे नेते. वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्स असा स्वतंत्र डिप्लोमाही आहे, पण तो फार थोड्या ठिकाणी मिळतो. ठाण्याचं व्हीपीएम पॉलिटेक्निक त्यासाठी ओळखलं जातं. डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, किंवा नोकरी धरता येते. आयटीआयमध्ये ‘टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. तो मिळाला नाही तर ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा ट्रेडही उपयोगी पडतो.

अकरावी-बारावी विज्ञान घेणार असाल तर एकच गोष्ट पक्की धरा: गणित सोडू नका. ‘पोरगी डॉक्टर होणार, तिला गणित कशाला,’ असं म्हणून घरी-दारी गणित काढून टाकलं जातं, आणि दोन वर्षांनी नीटचे गुण कमी आले की इंजिनिअरिंगचा दरवाजाही बंद झालेला असतो, कारण राज्यात अभियांत्रिकीच्या पदवीसाठी एमएचटी-सीईटी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटातून द्यावी लागते. ज्यांना झेपेल त्यांनी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावीत. या क्षेत्रासाठी तीच जोडी सर्वांत चांगली.

बायोमेडिकल नावाची पदवी राज्यात मोजक्याच महाविद्यालयांत आहे. मुंबईत वडाळ्याच्या विद्यालंकार इन्स्टिट्यूटमध्ये ती बरीच वर्षं शिकवली जाते. जेईईतून जायचं तर आयआयटी हैदराबाद, एनआयटी राऊरकेला आणि एनआयटी रायपूर इथे बायोमेडिकलचं बी.टेक. आहे. आयआयटी मद्रासने २०२३ पासून ‘मेडिकल सायन्सेस अँड इंजिनिअरिंग’ असा चार वर्षांचा बी.एस. अभ्यासक्रम सुरू केला आहे; तिथला प्रवेश आयसर संस्थांच्या अभिवृत्ती चाचणीतून होतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

पण पदवीवर ‘बायोमेडिकल’ हा शब्द छापलेला असलाच पाहिजे, असा हट्ट धरू नका. लांबच्या खासगी महाविद्यालयात मोठं शुल्क भरून हीच शाखा घेण्यापेक्षा नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन किंवा संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली इलेक्ट्रॉनिक्सशी जवळची शाखा घ्यावी, असं मी सांगेन. पाया पक्का होतो, आणि बायोमेडिकलकडे पुढे वळता येतं. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईच्या बायोमेडिकल एम.टेक.ला इंजिनिअर येतात, तसे एमबीबीएस झालेले डॉक्टरही येतात. खासगी महाविद्यालय निवडायचंच असेल तर तीन गोष्टी विचारा: प्रयोगशाळेत चालू स्थितीतली वैद्यकीय यंत्रं कोणती आहेत, प्रत्यक्ष शिकण्यासाठी कोणता दवाखाना जोडलेला आहे, आणि मागच्या वर्षीची मुलं नेमकी कुठे लागली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर सावध व्हा.

कृत्रिम हात-पाय बनवण्याची विद्या हा याचाच शेजारी. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपल्या भागात आहेत, म्हणून तिचा उल्लेख मला टाळवत नाही. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची पदवी मिळते. १९६८ मध्ये जयपूरला शल्यचिकित्सक डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवलेला ‘जयपूर फूट’ याच परंपरेतला. मांडी घालून बसता यावं, अनवाणी चालता यावं, चिखलात उतरता यावं, अशा आपल्या गरजा धरून तो घडवला गेला.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट बोलतो. पहिली नोकरी बहुधा मोठ्या दवाखान्याच्या यंत्र विभागात किंवा कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणून मिळते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. सर्व्हिस इंजिनिअरला बॅग उचलून जिल्हे पालथे घालावे लागतात. व्हेंटिलेटर रात्री दोनला बंद पडला तर फोन रात्री दोनलाच येतो. ज्याला हे सोसतं त्याला दोन-तीन वर्षांत जे शिकायला मिळतं ते कुठल्याही वर्गात मिळत नाही. एमआरआय, सीटी, डायलिसिस अशा एखाद्या यंत्रात हात बसला की मागणी वाढते. ज्यांना फिरती नको त्यांच्यासाठी कारखान्यात उत्पादन आणि चाचणीचं काम असतं, रचना करण्याचं असतं, सॉफ्टवेअरचं असतं. कागदपत्रं आणि नियम सांभाळण्याचं कामही अलीकडे खूप वाढलं आहे, कारण वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१८ च्या जानेवारीपासून लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून जवळजवळ सगळीच उपकरणं औषधांसारखी कायद्याखाली आली. प्रत्येक उपकरणामागे चाचण्यांची जाड फाइल लागते, आणि ती लिहिणारा माणूस तंत्र जाणणारा असावा लागतो.

शाळेत असताना काय करता येईल? विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना घेऊन, वैद्यकीय अधिकाऱ्यांची आधी परवानगी काढून, पाच-सहा जणांनी ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जावं. रुग्णांच्या गर्दीची वेळ टाळावी, फोटो काढू नयेत, कशाला हात लावू नये. लसी ठेवायचं शीतकपाट, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज, ईसीजी, बाळाला ऊब देणारा वॉर्मर, सक्शन मशीन अशांपैकी जे असेल ते बघावं. कोणतं यंत्र बंद आहे, कधीपासून, कोणत्या भागामुळे आणि दुरुस्त करायला माणूस कुठून येतो, हे विचारून वहीत लिहावं. यंत्रावर ओळख क्रमांकाची चिठ्ठी आहे का बघावं. घरी आल्यावर त्यातलं एकच यंत्र निवडून ते कसं चालतं याचा महिनाभर पिच्छा पुरवावा. त्याची माहितीपुस्तिका इंटरनेटवर इंग्रजीत सापडेल. मराठी माध्यमाच्या मुलांनी तिला बिचकू नये. अशा पुस्तिकांत तेच पन्नास-साठ शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि रोज एक पान वाचलं तर दोन महिन्यांत ते ओळखीचे होतात.

प्रयोग करायचा तर मोबाइलपासून सुरू करा. फ्लॅश चालू ठेवून कॅमेऱ्यावर बोट टेकवलं की पडदा लाल दिसतो. त्या लालीत नाडीबरोबर होणारा बारीक चढउतार नोंदवता येतो. पुढे अर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि नाडीचा छोटा सेन्सर घेऊन तोच आलेख स्वतः काढा. एक नियम कधीही मोडू नका: शरीराला तार जोडलेली असताना यंत्र बॅटरीवरच चाललं पाहिजे. लॅपटॉप जोडला असेल तर त्याचा चार्जर काढून ठेवा. भिंतीतल्या विजेशी आणि अंगाशी एकाच वेळी जोडलेलं घरगुती सर्किट जीव घेऊ शकतं. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवता येते आणि निवड झाली तर नमुन्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. वहीतल्या बंद यंत्रांच्या यादीतूनच कल्पना निघू द्या. लसीच्या डब्याचं तापमान वाढलं की वाजणारी घंटा, ऑक्सिजन यंत्राची गाळणी तुंबल्याचं दाखवणारा दिवा, असं काही. परीक्षकांना मोठमोठी स्वप्नं रोज वाचायला मिळतात. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने ‘हे मला उपयोगी पडेल’ म्हटलेलं काम त्यांना क्वचितच दिसतं.

आता खर्च. राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेतच. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात. डिप्लोमा किंवा पदवीला जाणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला पन्नास हजारांची आहे. याशिवाय गुणवत्तेवर शिक्षण शुल्क माफ होणाऱ्या जागाही असतात. विकल्प भरताना त्यांचा वेगळा संकेतांक निवडावा लागतो, तो विसरू नका.

गुण चांगले असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा कागदामुळे. अधिवास, उत्पन्न, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, हे दाखले महा-ई-सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत प्रवेशाच्या वर्षात संपत नाही ना, ते तपासा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका. अकरावीत प्रवेश घेतला की लगेच महाविद्यालयाच्या शिफारशीसह तो जिल्हा समितीकडे द्या, कारण वंशावळीचा एखादा जुना पुरावा शोधण्यात महिने जातात. शाळेच्या दाखल्यावरचं, आधारवरचं आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. वडिलांच्या नावातली एक वेलांटी वेगळी असली तरी शिष्यवृत्ती अडते. यंदा दहावीला असाल आणि डिप्लोमाचा विचार असेल, तर ही दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्या. निकाल लागला की तंत्रनिकेतनाची प्रवेशप्रक्रिया लगेच सुरू होते, आणि त्या दिवसांत प्रत्येक सेवा केंद्रासमोर रांग असते.